ज्याची त्याची जागा

मोत्या आणि पवन एकाच दगडी डोणीत तोंड घालून पाणी पितात, पण झोपताना दोघांत एका बाजेचं अंतर ठेवतात. पवन आणि टिक्या दुपारी पाठीला पाठ लावून पडतात, पण डोणीवर दोघं एका वेळी कधी येत नाहीत. एक पीत असला की दुसरा चार पावलांवर थांबून भलतीकडेच बघत राहतो. टिक्या मोत्याच्या हनुवटीखाली नाक घालतो, त्याचं तोंड चाटतो, आणि मोत्या डोळे किलकिले करून ते चालवून घेतो. हेच पवनने केलं तर मोत्याचा ओठ लगेच वर सरकतो.

तिघंही नर. माणदेशातल्या आमच्या मळ्यातल्या घरात, एका अंगणात ते नांदतात. मोत्या गावठी, तांबूस, आता वयाने थकलेला. पवन कारवानी, म्हणजे कर्नाटकाच्या बाजूला ज्याला मुधोळ म्हणतात त्या जातीचा. लांब तोंड, आत गेलेलं पोट, आणि लांबवर हललेलं गवतही टिपणारी नजर. टिक्या धनगराच्या कुत्रीचा, काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपका. तो आता दोन वर्षांचा होईल आणि अंगाने अजून भरतोच आहे.

घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, यांच्यातला म्होरक्या कोण? हा प्रश्न मला मनापासून नकोसा होतो, कारण त्याच्या पोटात कुत्र्यांवर झालेल्या पुष्कळ अन्यायाचं मूळ आहे. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल या स्विस संशोधकाने बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं. कुंपणाच्या आत लांडगे वरच्या जागेसाठी झगडताना त्याला दिसले. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकी संशोधकाच्या 1970च्या पुस्तकाने ‘कळपात एक वरचढ नर असतो’ ही कल्पना जगभर नेली. मग लोकांनी ती लांडग्यांवरून कुत्र्यांवर आणि कुत्र्यांवरून घरांवर आणून बसवली. कुत्र्याला उताणं पाडा, मानगूट धरून हलवा, त्याच्या आधी जेवा, दारातून त्याच्या आधी बाहेर पडा, म्हणजे तुम्ही म्होरके! मेक मात्र पुढे कॅनडाच्या उत्तरेला, एल्समिअर बेटावर, मोकळ्या लांडग्यांसोबत उन्हाळ्यांमागून उन्हाळे राहिला, आणि 1999 साली त्याने स्वच्छ लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. तिथे कोणी लढून राजा होत नाही, पोरं होतात म्हणून आईबाप होतात. आपलंच म्हणणं मोडून काढायला लागणारा प्रामाणिकपणा त्या माणसात होता. मानगुटी धरणाऱ्यांपर्यंत मात्र तो कागद अजून पोचलेला नाही.

आमच्यासारख्या घराला त्याहून जवळचा असा एक अभ्यास 2009 साली आला. ब्रिस्टल विद्यापीठातल्या जॉन ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये एका केंद्रात एकत्र राहणारी 19 कुत्री पाहिली. सगळे नर, सगळे खच्ची केलेले. कोण कोणाला दबतं, कोण कोणाला वाट देतं, हे त्यांनी टिपून ठेवलं आणि त्यातून पायऱ्यांची एक उतरंड लागते का ते पाहिलं. लागली नाही. एक जोडी एका रीतीने वागत होती, दुसरी जोडी दुसऱ्या. कुठल्या सोबत्याशी कसं वागलं की निभतं, हे प्रत्येक कुत्रा अनुभवाने शिकला होता.

ते वाचलं तेव्हा आमचं अंगण मला पहिल्यांदा नीट दिसलं. आमच्याकडे कुत्री तीन आहेत आणि नातीही तीन: मोत्या-पवन, पवन-टिक्या, टिक्या-मोत्या. प्रत्येक नात्याचा करार वेगळा. कुठे पाणी सामाईक आहे आणि निजायची जागा नाही, कुठे निजायची जागा सामाईक आहे आणि पाणी नाही. हे करार मी केलेले नाहीत, मोडायचा अधिकारही मला नाही. माझं काम ते ओळखण्याचं आणि त्यांना जागा मिळेल असं घर ठेवण्याचं. चौथा कुत्रा आला तर नाती सहा होतील, पाचवा आला तर दहा. अनेक नर पाळण्याचं अवघडपण या हिशेबात आहे. दात, नखं आणि रक्त या गोष्टी फार पुढच्या.

दिवाळी झाली की आमच्या बाजूचे धनगर मेंढरं घेऊन खाली उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. परतीच्या वाटेवर एक वाडा दरवर्षी आमच्या रानात बसतो. शेताला खत मिळतं, त्यांना धान्य. त्यांच्याबरोबर चार-पाच कुत्री असतात, त्यात नरच जास्त. रात्री वाघूर लावली, मेंढरं जाळीत गेली, की ही कुत्री आपोआप पांगतात. एक ओढ्याच्या अंगाला, एक बांधावर, एक बिऱ्हाडापाशी. कोणी कोणाच्या कडेला जात नाही. मी त्या वाड्यातल्या म्हाताऱ्या आबांना विचारलं होतं, भांडत नाहीत का हो हे? आबा म्हणाले, “ज्येची जागा त्येला दिली, ज्येचं काम त्येला दिलं, तर भांडत्याल कशापायी, ताई? सगळी एका ढिगाऱ्यात बांधा, मग बघा.”

मला यात सगळं आलं असं वाटतं. आमची माणसं तीन कुत्र्यांना शेजारी शेजारी साखळीने बांधतात आणि वर म्हणतात की यांचं पटत नाही. बांधलेल्या कुत्र्याला बाजूला होता येत नाही. दुसरा अंगावर आला तर निघून जाणं हा कुत्र्याचा सर्वात शहाणा उपाय, आणि साखळीने आपण तोच काढून घेतलेला असतो. मग उरतो दात. शहरातल्या फ्लॅटमध्ये साखळी नसली तरी अरुंद बोळ असतात, सोफा आणि भिंत यांच्यातली फट असते, लिफ्ट असते. तिथे तीन नर ठेवूच नयेत असं मी म्हणणार नाही, ठेवणारी जाणती माणसं मी पाहिली आहेत. पण त्यांच्या घरात दारं लावायची सोय असते, आणि ती माणसं ती वापरतात.

कुत्र्यांची आपसातली सभ्यता किती बारीक असते हे बघायला डोळे तयार करावे लागतात. मोत्या ओसरीच्या पायरीवर आडवा पडलेला असला आणि पवनला आत यायचं असलं, तर पवन सरळ चालत येत नाही. तो अंगणातून वळसा घेतो, जमीन हुंगल्यासारखं करतो, मान बाजूला वळवून जीभ नाकावरून फिरवतो, जांभई देतो. ही जांभई झोपेची नसते. टुरिड रुगास या नॉर्वेच्या बाईंनी अशा खुणा एकेक करून मांडल्या, आणि त्या वाचल्यापासून मला आमच्या अंगणात दिवसभर चाललेलं बोलणं ऐकू येऊ लागलं. मोत्या पायरीवरून उठत नाही, फक्त शेपटीचं टोक जमिनीवर एकदा आपटतो. पवन आत येतो. सगळा व्यवहार एका श्वासात संपतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की काहीच घडलं नाही.

हे बोलणं थांबलं की घाबरावं. चालता चालता एखादा नर दगडासारखा ताठ झाला, शेपूट उंच उभी राहिली आणि हलायची थांबली, डोळे एका जागी रुतले, तर दोन क्षण हातात असतात. तेव्हा ओरडू नये, मध्ये घुसू नये. मी डबा वाजवते किंवा रोजच्या सुरात “चला रे मळ्यात” म्हणून स्वतः चालू लागते. नजर तुटली की गाठ सुटते.

आणि गुरगुरणं. यावर मी गावात कोणाशीही वाद घालायला तयार असते. कुत्रा गुरगुरला की माणसं त्याच्या तोंडावर फटका मारतात. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने अजून दात न लावता सांगितलेली गोष्ट: मला हे नको, जरा लांब हो. त्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा सुधारत नाही. तो सांगणं बंद करतो, आणि पुढच्या खेपेला सरळ चावतो. मग लोक म्हणतात की न सांगता चावला. तीन नरांच्या घरात गुरगुरण्याला मान पाहिजे. मोत्या गुरगुरला की मी टिक्याला हाक मारून बाजूला घेते आणि मोत्याला काही म्हणत नाही. आपलं म्हणणं ऐकलं जातं हे कळलेल्या कुत्र्याला आवाज चढवावा लागत नाही.

खाण्याची व्यवस्था आमच्या आत्यांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. त्यांनी ती कुठे वाचलेली नाही. बाजरीची भाकरी ताकात कुस्करायची, बाजारच्या दिवशी त्यात कोंबडीचे तुकडे, आणि तीन ताटल्या तीन जागी: मोत्याची जोत्याखाली, पवनची कडब्याच्या गंजीमागे, टिक्याची गोठ्याच्या दारात. खाताना एकाला दुसऱ्याचं तोंड दिसत नाही. ताटल्या रिकाम्या झाल्या की आत्या स्वतः उचलतात, चाटायलाही मागे ठेवत नाहीत. कधी कोणाची ताटली आधी, कधी कोणाची. म्होरक्याला आधी घालायचं ही रीत त्यांना ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही तेच बरं. हाड मात्र उघड्यावर कधीच नाही. अंगणात गुरांच्या खुराचा तुकडा नाहीतर उंदीर मरून पडला असला, तर कुत्र्यांच्या आधी आत्यांना दिसतो.

आत्यांच्या या शिस्तीची किंमत मला कळली ती अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचा 2011चा अभ्यास वाचल्यावर. एकाच घरात राहून भांडणाऱ्या कुत्र्यांच्या 38 जोड्या त्यात होत्या. पाचातल्या जवळजवळ चार जोड्या एकाच लिंगाच्या होत्या, पण आपल्याकडचा समज आहे तशी सगळी भांडणं नरांची नव्हती, माद्यांचा वाटा मोठा होता. भांडणाला तोंड कशावरून फुटायचं? मालकाचं लक्ष, खाणं, आनंदाचा गोंधळ, आणि अचानक सापडलेली वस्तू. या चारांतल्या दोन गोष्टींची वाट आत्यांनी तीन ताटल्यांनी आणि आपल्या नजरेने अडवलेली होती.

उरलेल्या दोन गोष्टी माणसांच्या प्रेमातून येतात म्हणून जास्त अवघड. मुलगा पुण्याहून आला की फाटकात त्याच्या अंगावर तिघं एकदम उड्या घेतात. त्याचाही जीव त्यांच्यात अडकलेला, त्यामुळे तो पूर्वी तिथेच खाली बसायचा आणि तिघांना एकत्र मिठीत घ्यायचा. त्या मिठीत पवनचा खांदा टिक्याच्या मानेवर यायचा. माणसाला ते गोड दिसतं. दुसऱ्या नराच्या मानेवर आपला खांदा वरून टेकवणं ही मात्र कुत्र्यांत साधी गोष्ट नाही. आता तो फाटकातून बोलत बोलत सरळ आत येतो, चूळ भरतो, चहा घेतो. कुत्री शांत झाली की एकेकाला ओसरीवर बोलावतो. “आई, एकेकाला भेटलं की जास्त भेटल्यासारखं वाटतं,” असं तोच म्हणाला.

आणि मग भाद्रपद. गावातली कुत्री बहुतेक वर्षातून एकदा, पावसाच्या शेवटाला माजावर येतात. घरात वाढलेल्या, जातिवंत माद्यांचं बहुधा वर्षातून दोनदा होतं, पण आपल्या गावठी माद्यांनी हा महिना धरून ठेवलेला आहे. वारा फिरला की पवन जेवायचा थांबतो. फाटकापाशी उभा राहून नाक वर करतो आणि तोंडातून बारीक कुईं काढतो. त्या दिवसांत मळ्याकडच्या रस्त्याने एक मादी आणि तिच्यामागे सात-आठ नर असं लटांबर जातं.

आमच्याकडे एकदाच खरं भांडण झालं ते याच महिन्यात. रस्त्याने लटांबर चाललं होतं. पवन आणि टिक्या जाळीला नाक लावून एकाच भोकातून बाहेरच्यांवर भुंकत होते. बाहेरचे पुढे निघून गेले. यांना जाता येत नव्हतं. आणि तो सगळा राग वळून शेजारी उभ्या असलेल्यावर पडला. क्षणापूर्वी एका बाजूने लढणारे दोघं एकमेकांच्या मानेला लागले. आवाज असा, की गोठ्यातली म्हैस दावं तोडून निघाली. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पवनचे मागचे दोन्ही पाय वर उचलून धरले, मी टिक्याचे, आणि आम्ही उलट्या पावलांनी दोन बाजूंना चालत गेलो. भांडणाऱ्या कुत्र्यांच्या तोंडाजवळ हात कधी नेऊ नये. त्या वेळी त्यांना हात कोणाचा हे कळत नाही. मागचा पाय उचलला की कुत्र्याचा तोल जातो, आणि चालत राहिलं तर त्याला वळून चावता येत नाही. पण दोन कुत्र्यांना दोन माणसं लागतात. एकटं माणूस असेल तर मध्ये फळी, पत्रा, गोधडी, जे हाताला येईल ते घालावं. माणसाला दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. घरचा कुत्रा आहे, लस दिलेली आहे, म्हणून त्यात सूट नाही.

टिक्याच्या मानेवर वरून मुगाएवढं भोक दिसत होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी केस कापले तेव्हा कळलं की आत कातडी मांसापासून सुटून चांगला खिसा झाला होता. कुत्र्याच्या चाव्याचं हे असंच असतं. वरून बुजतं, आत पू धरतं. जखमा भरेपर्यंत पवन गोठ्याकडे, टिक्या ओसरीवर, मध्ये बंद दार. मग दोघांना दोऱ्या लावून आम्ही दोघं दोन बांधांवरून एकाच दिशेने चालायला लागलो, रोज थोडं जवळ. समोरासमोर आणून “घ्या, आता मिटवा” म्हणणं हे माणसांचं झालं. कुत्री बरोबरीने एका दिशेला चालता चालता मिटवतात.

त्यानंतर पवनलाही खच्ची करायचं ठरलं. मोत्या आणि टिक्याचं आधीच झालं होतं. पवन कारवानी म्हणून आसपासच्या लोकांचा त्याच्या पिल्लांवर डोळा होता, त्यांना ते आवडलं नाही. शस्त्रक्रियेने नराचं भटकणं पुष्कळ कमी होतं, जागोजाग मुतून खुणा करणं आणि दुसऱ्या नरांशी वैर काहींचं कमी होतं, सगळ्यांचं नाही. भित्र्या कुत्र्याची भीती त्याने जात नाही, आणि मुरलेली सवय तर आपल्या गतीनेच जाते. पवनचं फाटकापाशी कुईं करणं थांबलं. टिक्या डोणीवर असताना चार पावलं लांब थांबणं सुरूच राहिलं. ते थांबू नये असंच मला वाटतं. रस्त्यावरच्या माद्यांची नसबंदी झाली तर भाद्रपदाची धार निम्मी होईल. 2023च्या केंद्राच्या नियमांनी ती जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे आणि त्यात पंचायतीही आल्या. ग्रामसभेत मी हा विषय मांडते आणि मांडत राहणार आहे.

सध्या माझं लक्ष तिसऱ्या नात्यावर आहे. टिक्या लहान होता तोवर मोत्याला तो पोरासारखा होता. पण नर कुत्रा अंगाने वर्षात वाढला तरी मनाने दीड ते तीन वर्षांच्या मध्ये कधीतरी पुरता जाणता होतो, आणि पिल्लूपणी मिळालेल्या सवलती तेव्हा संपतात. टिक्याचं हनुवटीखाली नाक घालणं कमी झालंय. परवा मोत्या पायरीवर असताना तो वळसा न घेता सरळ वर आला. मोत्याने बघितलं आणि तोंड फिरवलं. मोत्याचे मागचे पाय आता दुखतात, कानाने कमी ऐकू येतं. दुखऱ्या कुत्र्याला धक्का सोसत नाही, आणि कमी ऐकणाऱ्याला मागून येणाऱ्याची गुरगुर कळत नाही. डॉक्टरकडून परतला की त्याच्या अंगाला औषधाचा वास असतो, दुसरे दोघं त्याला परका असल्यासारखा हुंगतात. म्हणून त्याला थेट अंगणात न सोडता मी तासभर खोलीत त्याच्या जुन्या पोत्यावर निजवते. दुपारची पायरीही आता त्याला राखून ठेवलीय: टिक्याला त्या वेळी यांच्याबरोबर मोटारीवर धाडते, पाणी सोडायच्या कामाला. त्याला काम आवडतं. धनगरी रक्त आहे.

यंदा वाडा बसला तेव्हा आबांनी एक पिल्लू आणलं. तांबडं, जाड पायांचं, तेही नर. आत्यांनी लगेच मांडीवर घेतलं. देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीकडे बोट करून म्हणाल्या, “त्याच्या पायाशी चार आहेत. आपल्याकडे एक कमीच पडतंय.” ते चार म्हणजे चार वेद, असं त्यांना लहानपणापासून सांगितलेलं. मी तसबिरीकडे पुन्हा नीट बघितलं. चित्रकाराने चौघांना एकमेकांपासून सुटं बसवलंय, आणि एकाचंही तोंड दुसऱ्याच्या तोंडासमोर नाही. ज्याने कोणी ते काढलं त्याने कुत्री पाळली असावीत.

त्या 38 जोड्यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती: भांडण बहुतेक वेळा वयाने लहान कुत्रा काढायचा, किंवा घरात नंतर आलेला. चौथा आला की मोत्याच्या म्हातारपणात त्याला एक अंगात मस्ती असलेला पोर सोसावा लागेल. पवनला तिसरा करार करावा लागेल आणि टिक्याला, अजून दुसराच पुरता बसलेला नसताना, तिसरा. पिल्लू फार गोजिरवाणं होतं. माझ्याही हाताला त्याची ऊब लागली होती. पण मोत्या आहे तोवर या अंगणात चौथा नर येणार नाही, असं मी आत्यांना आणि आबांना तिथल्या तिथे सांगितलं. आबांना ते लगेच पटलं. आत्या संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीवरची माणसं येऊन पिल्लू घेऊन गेली. त्यांच्याकडे एकच म्हातारी कुत्री आहे आणि मोकळं रान आहे. जाताना आत्यांनी त्यांना ताटली कुठे ठेवायची आणि कधी उचलायची ते सगळं समजावून सांगितलं.